मोहोरबंद तबकडीतील विषाणू

संगणकाचा विषाणू ही एक छोटी आज्ञावली असते. दुसऱ्या आज्ञावलीला, दस्तऐवजाला किंवा तबकडीच्या आरंभीच्या भागाला चिकटून ती आपल्या प्रती काढीत जाते. १९९० साली भारतात आढळलेला ‘जोशी’ हा विषाणू तबकडीच्या आरंभीच्या भागात दडून बसे. ५ जानेवारी रोजी तो संगणक अडवून ठेवी आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टंकलिखित केल्यावाचून काम पुढे सरकू देत नसे. असे विषाणू मुख्यतः हातोहात फिरणाऱ्या फ्लॉपींतून पसरत. म्हणून जाणकार सांगत, की उत्पादकाकडून आलेली मोहोरबंद तबकडीच वापरावी.

हा सल्ला योग्य असला तरी पुरेसा नव्हता, हे त्याआधीच दिसून आले होते. मॉन्ट्रियलच्या ‘मॅकमॅग’ या नियतकालिकाच्या नावाने ओळखला जाणारा विषाणू २ मार्च १९८८ रोजी मॅकिंटॉश संगणकांवर जागतिक शांततेचा संदेश दाखवून स्वतःला पुसून टाकणार होता. ॲल्डस कंपनीसाठी प्रशिक्षणाची आज्ञावली तयार करणाऱ्या व्यावसायिकाच्या संगणकात तो शिरला. तेथून तो कंपनीत पोहोचला आणि ‘फ्रीहँड’ या चित्ररेखन-आज्ञावलीच्या विक्रीच्या तबकड्यांवर उतरला. यात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. बाहेरून आलेली एक तबकडी तपासली गेली नाही, इतकेच.

एवढ्याशा चुकीचा परिणाम एवढा मोठा का होतो? विक्रीची प्रत्येक तबकडी एकाच मूळ प्रतीवरून काढलेली असते. प्रती काढणारे यंत्र मजकूर जसाच्या तसा उतरवते. त्यातील इष्ट कोणते व अनिष्ट कोणते, हे त्याला कळत नाही. डिसेंबर १९९१ मध्ये नॉव्हेल कंपनीला सुमारे ३,८०० ग्राहकांना कळवावे लागले, की त्यांना पाठविलेल्या तबकडीत ‘स्टोन्ड’ जातीचा विषाणू असू शकेल.

सीडी आल्यावर आणखी एक अडचण निर्माण झाली. १९९५ साली मायक्रोसॉफ्टने वितरित केलेल्या एका सीडीवर ‘कन्सेप्ट’ हा वर्डच्या दस्तऐवजांतून पसरणारा विषाणू गेला. फ्लॉपी पुसून पुन्हा लिहिता येते. छापील सीडीवरील मजकूर मात्र पालटता येत नाही. बाहेरच्या विषाणूला जी आत येऊ देत नाही, तीच सीडी आत आधीच शिरलेल्याला कायमचा आश्रय देते.

यावरून एक नियम निघतो. मूळ प्रतीची तपासणी तिच्यात अखेरची भर पडल्यानंतरच झाली पाहिजे, आणि तीही निर्दोष असल्याची खात्री असलेल्या वेगळ्या संगणकावर. ग्राहकानेही नवी आज्ञावली बसविण्यापूर्वी ती तपासून घ्यावी. मोहोर एवढेच सांगते, की पेटी वाटेत उघडली गेलेली नाही. ती बंद होण्यापूर्वी आत काय गेले, हे मोहोर सांगू शकत नाही. आज आज्ञावल्या बहुधा तबकडीऐवजी तारेवाटे घरी येतात. परंतु त्याही एकाच मूळ प्रतीच्या प्रती असतात, म्हणून हा नियम त्यांनाही तितकाच लागू पडतो.