हाताची नाडी लागत नसेल तर...

धुणं धुताना हात भरून येतो, चक्कर येते, बारीक ताप राहतो, असे वस्तीतली एखादी तरुण मुलगी सांगते. आपण त्याला अशक्तपणा म्हणतो. कुणी 'बाहेरचं' समजून बाबाकडे नेतो. आपण बाबासाहेबांची माणसं. कारण शोधू या.

एका हाताची नाडी लागत नसेल किंवा दोन्ही हातांच्या बीपीत मोठा फरक असेल, तर मोठ्या रक्तवाहिन्यांना सूज असू शकते. या आजाराला टाकायासू म्हणतात. जपानचे नेत्रतज्ज्ञ मिकितो टाकायासू यांनी १९०८ साली अशा रुग्णाच्या डोळ्यांतील बदल मांडले. तो बहुधा चाळिशीच्या आतील स्त्रियांना होतो. तो संसर्गाने पसरत नाही.

साध्या अँजिओग्राफीत रक्तवाहिनी किती अरुंद झाली ते दिसते. एमआरआयमध्ये तिच्या भिंतीची जाडी व सूजही दिसू शकते, म्हणजे वाहिनी अरुंद होण्याआधीच आजार सापडू शकतो. त्यात एक्स-रे नसतात, म्हणून तरुण मुलींची तपासणी पुन्हा करणे सोयीचे. पेसमेकर, शरीरातील धातू, गरोदरपण किंवा किडनीचा आजार असल्यास आधी सांगावे.

परतवाड्याच्या वाचकांनी अचलपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात आधी दोन्ही हातांचे बीपी मोजून घ्यावे. पुढे अमरावती-नागपूरला पाठवले तर रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत ठेवून महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करावी. स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या तर बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नयेत.

जयभीम!