कासवांच्या घरट्यांची मांडणी

कोकणातल्या बहुतेक स्वयंपाकघरांत एक लाकडी मांडणी असते. डबे, पातेली, लोणच्याच्या बरण्या तिच्यावर ओळीने बसतात आणि थोड्या जागेत पुष्कळ सामान राहते. गतवर्षी आमच्या घरच्या मांडणीकडे पाहता पाहता मनात आले, भांड्यांऐवजी कासवांची घरटी अशी फळ्यांवर ठेवली तर? ती कल्पना, तिचा हिशेब आणि ती मी का सोडली, हे या लेखात सांगायचे आहे.

प्रथम विषयाची ओळख करून देते. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात आपल्या किनाऱ्यावर रात्री अंडी घालायला येतात. जिल्ह्यातील वायंगणी, तांबळडेग हे किनारे त्यासाठी परिचित आहेत. मादी मागच्या पायांनी सुमारे हातभर खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा खणते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारून बुजवते आणि समुद्रात निघून जाते. घरट्याकडे ती पुन्हा फिरकत नाही. त्यानंतर ४५ ते ६० दिवस अंड्यांना ऊब मिळते ती वाळूची. कुत्रे, कोल्हे, कुर्ल्या आणि माणूस हे त्यांचे शत्रू. पूर्वी ही अंडी खाल्ली जात, विकलीही जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली वेळास येथे संरक्षणाचे काम हाती घेतले. पुढे वन विभाग व गावकरी यांच्या साहाय्याने ही पद्धत किनाऱ्यावर इतरत्रही रुजली. आमच्या वाडीतले एक काका वन विभागाच्या संमतीने हेच काम करतात. रात्री किनारा धुंडाळून अंडी आणायची आणि जाळीच्या कुंपणात पुन्हा पुरायची. सुट्टीत मीही त्यांच्याबरोबर जाते.

गतवर्षी उधाणाचे पाणी त्या कुंपणात शिरले आणि खालच्या ओळीतली दोन घरटी कुजली. काका दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तेव्हा मला मांडणी सुचली. आमच्या घरामागच्या मांगरात चार फळ्या, प्रत्येक फळीवर वाळू भरलेले पाच खोके, एका खोक्यात एक घरटे. वीस घरटी एका भिंतीला उभी राहणार. ना उधाण, ना कुत्रे. मासळीचे थर्माकोलचे खोके बंदरावर फुकट मिळतात आणि फळ्या जुन्या होडीच्या होत्याच. खर्च काय तो खिळ्यांचा.

मी हिशेब केला. वाळूचा एक लिटर दीड किलोच्या आसपास भरतो. खोक्यात ४० लिटर वाळू धरली तर ६० किलो, एका फळीवर ३०० किलो आणि सगळ्या मांडणीवर १२०० किलो. भांड्यांची फळी एवढ्या भाराने मधोमध वाकेल हे उघड आहे. म्हणून प्रत्येक फळीला मध्ये दोन टेकू दिले, सर्वांत जड खोके तळाला ठेवले आणि मातीच्या जमिनीत रुतू नयेत म्हणून पायांखाली चिरे घेतले. कागदावर मांडणी भक्कम झाली. मी ती अभिमानाने काकांना दाखवली.

काकांनी कागद उलटसुलट पाहिला आणि एवढेच विचारले, "अगो, वरच्या फळयेर उकाडो किती जातलो, ता बघलंस?"

मी पाहिले नव्हते. मग सलग तीन दुपारी मांगरात दोन उष्णतामापके टांगली, एक कौलांखाली, एक जमिनीलगत. वरचा पारा खालच्यापेक्षा तीन अंशांनी चढा होता. तीन अंश म्हणजे काय मोठेसे, असे मला वाटले. एका सरांनी ग्रंथालयात बसवून वाचायला लावले तेव्हा त्या तीन अंशांचा अर्थ कळला.

आपल्यात मुलगा की मुलगी हे गर्भधारणेच्या क्षणीच ठरते. समुद्री कासवांत ते वाळूच्या उष्णतामानावर ठरते. उबवणीच्या मधल्या तृतीयांश काळात वाळू २७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहिली तर बहुतेक नर होतात, ३२ च्या वर गेली तर बहुतेक माद्या, आणि मधल्या दोन-तीन अंशांत दोन्ही. सरपटणाऱ्या प्राण्यांतील हा प्रकार प्रथम १९६६ साली सेनेगलमध्ये मादलेन शार्निए या संशोधिकेने एका सरड्यात नोंदवला. समुद्री कासवांत तो १९८० च्या सुमारास सिद्ध झाला.

म्हणजे माझ्या मांडणीवर वरच्या फळीवर माद्या आणि खालच्या फळीवर नर जन्मले असते. किंवा मांगर थंड राहिला असता तर सगळे नरच. भयंकर गोष्ट अशी की हे कोणाला कळलेही नसते. पिल्लू नर की मादी हे बाहेरून ओळखता येत नाही. वीस घरट्यांतून दीड हजार पिल्ले बाहेर पडली असती, आम्ही आनंदाने टाळ्या वाजवल्या असत्या आणि चूक उघडी पडायला दहा-पंधरा वर्षे लागली असती. कारण कासव वयात यायलाच तेवढा काळ लागतो.

हे केवळ माझे भय नव्हे. दक्षिण अमेरिकेत सुरिनाम येथे कासवांची अंडी थर्माकोलच्या खोक्यांत उबवीत. किनाऱ्यावरच्या घरट्यांपेक्षा खोके थंड राहत आणि त्यातून नर अधिक निघत, हे १९८० च्या दशकारंभी दिसून आले. ऑलिव्ह रिडलेची सख्खी बहीण शोभावी अशी केम्प्स रिडले ही जात वाचवण्यासाठी १९७८ पासून मेक्सिकोतील अंडी अमेरिकेत नेऊन खोक्यांत उबवली गेली. पुढे पिल्ले एकमेकांना चावतात म्हणून गॅल्व्हेस्टन येथे प्रत्येकाला वेगळ्या भांड्यात वाढवले. तेथेही पहिल्या काही वर्षांत नरांचे प्रमाण अधिक निघाले. उष्णतामान वाढवल्यावर माद्या वाढल्या. त्या लोकांजवळ प्रयोगशाळा होत्या, माझ्याजवळ मांगर!

मग स्वस्त आणि योग्य मांडणी कोणती? ती वाळूवरच करायची, आडवी.

(१) जागा भरतीच्या, उधाणाच्याही रेषेच्या वर निवडावी. आमची खरी चूक येथे होती. कुंपण चार पावले वर हवे होते.

(२) अंडी घातल्यापासून काही तासांतच, न उलटता व न हलवता न्यावीत. पुढे गर्भ कवचाच्या आतल्या बाजूस चिकटतो. मग अंडे फिरवले तर तो मरतो.

(३) मूळ घरट्याइतकाच खोल आणि त्याच आकाराचा खड्डा घ्यावा. दोन घरट्यांत एक मीटर अंतर ठेवावे, कारण वाढत्या गर्भांचीही स्वतःची उष्णता असते. प्रत्येक ठिकाणी क्रमांक व तारखेची पाटी लावावी.

(४) कुंपणाला बांबू, सुंभ आणि रापणीची जुनी जाळी पुरते. कुर्ल्यांसाठी जाळीची कड वाळूत खोल पुरावी. दर वर्षी जागा बदलावी, म्हणजे जुन्या कवचांची बुरशी नव्या अंड्यांना लागत नाही.

(५) पिल्ले वर येण्याच्या सुमारास घरट्यावर टोपली उपडी ठेवून वारंवार पाहावे. आलेली पिल्ले टबात ठेवू नयेत. जवळची शिदोरी संपण्याआधी त्यांना लाटा गाठायच्या असतात.

एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. समुद्री कासव, घोरपड, नाग, अजगर हे सारे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. त्यांची अंडी वा पिल्ले घरी ठेवणे हा गुन्हा आहे. माझी मांडणी उभी राहिली असती तर उकाड्याआधी कायदाच आडवा आला असता, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पण कायद्याचा हेतूही मला आता समजतो. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. ज्या प्राण्याचे अंगण एवढे मोठे, त्याला आपल्या फळीवर बसवणारे आपण कोण?

यंदा काकांनी कुंपण वर घेतले आहे. मी आखलेल्या मांडणीतून एकच वस्तू तेथे कामी आली, ती म्हणजे उष्णतामापक. ते हातभर खोल वाळूत असते आणि त्याची नोंदवही माझ्याकडे आहे. ज्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींना पहाटे उठण्याचा कंटाळा नाही, त्यांनी हंगामात जरूर यावे. विजेरीला लाल कागद लावून आणावा आणि बोलणे कमी करावे, एवढीच काकांची अट आहे.