चहा कडक, ऊन कडक, मास्तरही कडक

प्रश्न : ऊन कडक, चहा कडक, इस्त्री कडक आणि पत्रिकेतला मंगळही कडक. ‘कडक’ म्हणजे गरम, की आणखी काही?
– एक वाचक, अकोला

उत्तर : विदर्भात राहून ‘कडक’ म्हणजे गरम असं वाटणारच! पण चहाच बघा. कपात पार निवून गेलेला चहाही कडक असू शकतो, कारण तिथे गोष्ट पावडरीची आणि उकळीची आहे. वाफाळत्या चहाला आपण गरमागरम म्हणतो.

अशा शब्दाचा अर्थ शोधायचा तर त्याच्या विरुद्ध काय म्हणतो ते पाहावं. कडक भाकरीच्या विरुद्ध मऊ, कडक उन्हाच्या कोवळं, कडक औषधाच्या सौम्य, कडक चहाच्या पानचट आणि कडक मास्तरांच्या विरुद्ध मायाळू. यात ‘गार’ कुठेच आलं नाही. न वाकणारं, न नमणारं, दयामाया न दाखवणारं ते कडक. खळ दिलेलं धोतर असंच असतं, बंदोबस्तही. मंगळ कडक असला की तो वधुवरांच्या आईबापांनाच वाकवतो, ते सोडा.

‘कड्’ हा मोडण्याचा आवाज. ओली फांदी वाकते, वाळलेली कडकन मोडते. नवरात्रातल्या कडाकण्या खाताना होणारा आवाजही याच घराण्यातला. ऊन वस्तूतला ओलावा शोषून तिला ताठ करतं, म्हणून ते कडक झालं असावं. हा मात्र माझा तर्क.

खरी गंमत ‘कडकडीत’मध्ये आहे. तो कडकचा नुसता थोरला भाऊ नाही. आंघोळीचं पाणी कडकडीत असतं तेव्हा अर्थ उघडच उष्णतेचा. पण कडकडीत उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडीही नाही, आणि कडकडीत बंद म्हणजे पानाची टपरीसुद्धा उघडी नाही. इथे ‘जराही सूट नाही’ एवढाच अर्थ उरतो. कपडे मात्र कडक इस्त्रीचे. कडकडीत म्हटलं की ते दोरीवर वाळलेले डोळ्यांपुढे येतात.

थंडीलाही हे घराणं चालतं: कडाक्याची थंडी. भूक कडकडून लागते, मिठीही कडकडून मारतात. तिथे केवळ जोर. महिनाअखेरीला खिशात येते ती कडकी. आणि हल्ली एखादा फोटो आवडला की पोरं खाली नुसतं ‘कडक!’ लिहितात. त्यात ना ऊन, ना शिस्त, निव्वळ दाद. मला तो वापर आवडतो.