मुरलेले बीड

इंजिनाचा ब्लॉक म्हणजे इंजिनाचा सांगाडा होय. पिस्टन ज्यांत वरखाली होतात ते सिलिंडर, क्रँकशाफ्टच्या बैठका, पाण्याचे व तेलाचे मार्ग, हे सारे या एकाच ओतकामात सामावलेले असते. शर्यतीची मोटार घडविणारा प्रथम वजनाचा विचार करतो, आणि ॲल्युमिनियम तर बिडाच्या निम्म्याहूनही हलके. 1970 च्या दशकात फॉर्म्युला वन शर्यती गाजविणारे कॉसवर्थ कंपनीचे तीन लिटरचे इंजिन ॲल्युमिनियमचेच होते.

त्या काळच्या नियमांत आणखी एक वाट होती. टर्बोचार्जर लावायचा असेल, तर इंजिन दीड लिटरचेच असावे. टर्बोचार्जर सिलिंडरमध्ये दाबाने हवा कोंबतो. त्यामुळे लहान इंजिनही प्रचंड शक्ती देते. मात्र त्याच प्रमाणात ब्लॉकवरील ताणही वाढतो. जर्मनीतील बीएमडब्ल्यू कंपनीने ही वाट धरली. तिचे अभियंते पॉल रोशे यांनी नवा ब्लॉक ओतविला नाही. 1962 साली बाजारात आलेल्या ‘बीएमडब्ल्यू 1500’ या साध्या प्रवासी मोटारीच्या इंजिनाचा, चार सिलिंडरांचा बिडाचा ब्लॉक त्यांनी निवडला. मूळ मोटारीत तो सुमारे 80 अश्वशक्तीचा भार पेलत असे. आता त्याला सहाशेहून अधिक अश्वशक्ती पेलायची होती.

बीडच का? बिडाचा तवा ज्यांनी वापरला आहे, त्यांना त्याचे दोन स्वभाव ठाऊक असतात: तो जड असतो आणि तापला तरी वाकत नाही. तापमान दोनशे अंशांच्या आसपास गेले की ॲल्युमिनियमची ताकद झपाट्याने घटते. बिडाला त्या उष्णतेचे फारसे काही वाटत नाही. बीड तापल्यावर फुगतेही कमी. सिलिंडरचा गोलपणा किंचित जरी बिघडला, तरी पिस्टनच्या कड्यांची पकड सुटते. ब्लॉकचा माथा हलला, तर हेड गॅस्केट फुटते. शिवाय बिडात ग्राफाइटचे सूक्ष्म पापुद्रे असतात, ते कंपने शोषून घेतात. दाब एवढा मोठा असताना थोडे जादा वजन सोसणे हाच शहाणपणाचा सौदा होता.

त्याहून नवल वाटावे अशी गोष्ट पुढेच आहे. रोशे यांच्या गटाने नव्या ब्लॉकांपेक्षा सुमारे एक लाख किलोमीटर धावलेल्या मोटारींचे ब्लॉक पसंत केले. ओतलेला रस थंड होताना पातळ भाग आधी गोठतात व जाड भाग मागाहून आकसतात. या ओढाताणीचे ताण धातूत कोंडून राहतात. वर्षानुवर्षे तापण्या-निवण्याने हे ताण निवतात, बीड जणू मुरते, अशी त्यांची धारणा होती. कारखान्यात हेच काम भट्टीत पाचशे अंशांहून अधिक तापवून केले जाते आणि चालत्या इंजिनाचा ब्लॉक एवढा कधीच तापत नाही. म्हणून केवळ वापराने किती ताण निवले, याविषयी शंका घेता येईल. परंतु लाखभर किलोमीटर धावूनही न तडकलेला ब्लॉक आपली परीक्षा देऊन आलेला असतो, हे नाकारता येत नाही.

अर्थात जुना तेवढा चांगला, असा याचा अर्थ नव्हे. ब्लॉक निवडताना चुंबकीय तपासणीने तडे शोधावे लागतात. भिंतींची जाडीही मोजावी लागते, कारण बोअरिंग करताना प्रत्येक वेळी थोडे बीड जातेच.

आरंभी अपयशच पदरी आले. जून 1982 मध्ये डेट्रॉइट येथे या इंजिनाची ब्रॅबहॅम मोटार घेऊन आलेला नेल्सन पिके शर्यतीस पात्रही ठरला नाही. पुढच्याच आठवड्यात माँट्रियल येथे तो जिंकला. 15 ऑक्टोबर 1983 रोजी दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी येथे हंगामाची अखेरची शर्यत झाली, तेव्हा रेनॉचा ॲलन प्रोस्ट 57 गुणांवर, तर पिके 55 गुणांवर होता. प्रोस्टचा टर्बोचार्जर निकामी झाला. पिके तिसरा आला आणि दोन गुणांच्या फरकाने जगज्जेता झाला. टर्बो इंजिनाने मिळविलेले ते पहिले जगज्जेतेपद होते.

पाठगत प्रश्न
1. टर्बोचार्जरमुळे ब्लॉकवरील ताण का वाढतो?
2. जुन्या ब्लॉकविषयीची रोशे यांच्या गटाची धारणा तुम्हांला पटते का? सकारण लिहा.