ओझ्याची वाटणी

परळ, मुंबई

चि. रूथ,

बाबांच्या आजारपणात आपण कमी पडलो ही टोचणी प्रार्थना करूनही जात नाही, मग आपला विश्वासच उणा आहे का, असं तू विचारलंस. सभांमधून हात वर करायला लावून ‘ओझं गेलं’ असं जाहीर करणाऱ्यांनी या प्रश्नाचा फार घोळ करून ठेवला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ते सगळं ओझं एकाच गाठोड्यात बांधतात. त्यात आपणच आपल्यावर दिलेला निकाल असतो आणि हातून व्हायचं राहिलेलं कामही असतं. श्रद्धा आपल्याला निकाल सोडायला सांगते, काम सोडायला नव्हे. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात भागलेल्यांना बोलावणं आहे आणि लगेच पुढे जूही आहे. जू मानेवर ठेवतात ते कामासाठीच. गलतीकरांना लिहिताना पौल एकमेकांची ओझी वाहायला सांगतो आणि तीनच वचनांनंतर ज्याने त्याने आपला भार वाहावा असंही म्हणतो. यात काहींना विसंगती दिसते. मला वाटणी दिसते.

पंडिता रमाबाईंचंच पाहा. 1874 साली दुष्काळात आईवडील गेले, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये पती. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि मार्च 1889 मध्ये त्यांनी गिरगाव चौपाटीजवळ विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, बाईंचं सगळं मार्गी लागलं. त्या मात्र 1907 साली लिहिलेल्या साक्षीत सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं आपल्याला धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. आधी आपण लायक व्हायचं आणि मग देवाने पदरात घ्यायचं, हा क्रमच उलटा आहे, हे त्यांना 1891च्या सुमारास उमगलं. एवढ्या शास्त्रसंपन्न बाईला इतका वेळ लागला; तुला उशीर होतोय म्हणून तुझा विश्वास उणा ठरत नाही. आपल्या उपासनेचा क्रमही हेच सांगतो. प्रभुभोजनाआधी सगळी मंडळी एका सुरात पापांगीकार म्हणते आणि पाळकसाहेब क्षमा जाहीर करतात. त्या वेळी तुला हलकं वाटतंय का, असं कोणी विचारत नाही. बरंच आहे म्हणायचं, नाहीतर अर्धी मंडळी बाकावरच अडकली असती.

ही पळवाट आहे, असं तुझे मित्र म्हणतील. देवावर सोपवलं की जबाबदारी संपली! तसं असतं तर 1891 नंतर रमाबाई स्वस्थ बसल्या असत्या. 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, शेकडो मुली घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. स्वतःचा न्याय करण्यात जाणारी ताकद मोकळी झाली की ती कुठे लागते, हे तिथे दिसतं.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे: एकाच्या सुटकेचा भार दुसऱ्यावर पडतो. ना. वा. टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला; त्यांना शांती लाभली, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आली ताटातूट. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा 1900 साली झाला. मधल्या काळातली त्यांची फरफट त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे, आणि टिळकांच्या थोरवीने ती झाकू नये. म्हणूनच डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगतो. जकातदार जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत द्यायची तयारी दाखवली. देवाची क्षमा माणसाचं देणं बुडवत नाही.

तेव्हा बाबांच्या बाबतीत तू मुलगी म्हणून नापास झालीस, हा निकाल तू देऊच नकोस. तो अधिकार तुझा नाही. पण त्या दिवसांत आईवर चिडून जे बोललीस, त्याची माफी समोर बसून माग. दादाने एकट्याने भरलेल्या दवाखान्याच्या बिलातला आपला वाटा त्याला दे, तो नको म्हणाला तरी. आणि झोप उडाली आहे, जेवण जात नाही, असं लिहिलंस, त्यावर नुसती प्रार्थना पुरे म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. दुखणं मनाचं असलं तरी दुखणंच; केईएममध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. या आठवड्यात केसपेपर काढ, मी सोबत येतो.

तुझा मामा