अॅम्प्लिफायरशिवाय हेडफोन : स्वस्त की महाग?

हेडफोन वाजतो तेव्हा त्याच्यामागे अॅम्प्लिफायर असतोच. फोन, लॅपटॉप किंवा टाइप-सीचे छोटे डोंगल यांच्या पोटात तो नखाएवढ्या चिपवर बसवलेला असतो. ‘अॅम्प्लिफायर नाही’ असे म्हणताना टेबलावर ठेवायची वेगळी पेटी नाही, एवढेच अभिप्रेत असते. ब्लूटूथ हेडफोनमध्ये हा भाग हेडफोनच्याच आत आणि त्याच्याच मापाचा असतो, म्हणून पुढचे विवेचन वायरच्या हेडफोनांपुरते आहे.

वायरचा हेडफोन फोनवर पुरेसा वाजेल की नाही, हे त्याची किंमत सांगत नाही. ते खोक्यावरच्या दोन आकड्यांवरून कळते. पहिला इम्पिडन्स, म्हणजे हेडफोन विद्युतप्रवाहाला किती विरोध करतो. तो ओहममध्ये मोजतात. दुसरा संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेत तो किती डेसिबल आवाज काढतो. गोंधळ या दुसऱ्या आकड्यात आहे. काही उत्पादक तो एका मिलिवॅटला देतात, काही एका व्होल्टला, आणि हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करणे म्हणजे एका दुकानाचा भाव किलोचा आणि दुसऱ्याचा डझनाचा असताना स्वस्त-महाग ठरवणे.

फोन आणि डोंगल यांची कमाल मर्यादा मुख्यतः व्होल्टची असते. बहुतेकांची ती अर्धा ते एक व्होल्ट या पट्ट्यात येते. म्हणून आकडे व्होल्टमध्ये आणून पाहावेत. एक व्होल्टला किती मिलिवॅट मिळतात ते काढायला 1000 ला ओहमने भागायचे. वीज दुप्पट झाली की 3 डेसिबल वाढतात, दहापट झाली की 10. बायरडायनामिकच्या डीटी 770 प्रो या मॉडेलच्या 80 आणि 250 ओहमच्या दोन आवृत्त्या आहेत, आणि दोन्हींची संवेदनशीलता मिलिवॅटला 96 डेसिबल लिहिलेली असते. एका व्होल्टला 80 ओहमला साडेबारा मिलिवॅट मिळतात आणि आवाज 107 डेसिबलपर्यंत जातो. 250 ओहमला चारच मिलिवॅट मिळतात आणि आवाज 102 वर थांबतो. नाव एक, रूप एक, आणि फोनवर 5 डेसिबलचा फरक. घाईत मागवणारा नेमका ओहमचा आकडा वाचत नाही.

सेनहायझरचा एचडी 650 हा 2003 सालचा, 300 ओहमचा हेडफोन एका व्होल्टला 103 डेसिबल देतो. ऑडिओ-टेक्निकाचा त्याहून कितीतरी स्वस्त एम 20 एक्स 47 ओहमचा असून मिलिवॅटला 96 डेसिबल देतो. व्होल्टच्या हिशेबात तो 109 च्या आसपास पोचतो. म्हणजे त्याच फोनवर स्वस्त हेडफोन 6 डेसिबलने मोठा वाजतो. यात महागड्याचे काही चुकलेले नसते. त्याची रचना वेगळ्या जोडीदारासाठी झालेली असते.

प्रस्तुत लेखकाला हे पैसे मोजून झाल्यावर कळले. बरीच बचत करून घेतलेला 300 ओहमचा, मागून उघडा हेडफोन अर्ध्या व्होल्टच्या साध्या डोंगलवर लावला गेला. चित्रपटगीते बरी वाजली. विलंबित ख्याल लावला तेव्हा आवाजाची पट्टी टोकाला नेऊनही तानपुरा पंख्याच्या घरघरीत बुडाला आणि तबल्याचा बायाँ कागदावर थाप मारल्यासारखा ऐकू आला. जुन्या दोन हजारांच्या हेडफोनवर तेच ध्वनिमुद्रण भरदार वाटले. निष्कर्ष झटपट निघाला, नवा हेडफोन खराब आहे. तो तोटा सोसून विकण्यात आला. हेडफोन खराब नव्हता, हे कागदावर हिशेब मांडल्यावर दिसले.

व्होल्ट निम्मा झाला की 6 डेसिबल जातात, म्हणून एका व्होल्टला 103 डेसिबल देणाऱ्या त्या हेडफोनची डोंगलवरची कमाल मर्यादा 97 डेसिबलवर आली होती. आजच्या चित्रपटगीतांचा आवाज ध्वनिमुद्रणातच दाबून एकसारखा मोठा केलेला असतो. सरासरी पातळी कमाल पातळीच्या जेमतेम 10 डेसिबल खाली राहते, म्हणून 87 डेसिबल मिळतात आणि ते पुरतात. ख्यालाच्या जुन्या मैफलीत आलाप कमाल पातळीच्या 25 ते 30 डेसिबल खाली चालतो, कारण वरची जागा द्रुत तानांसाठी राखलेली असते. तिथे हातात जेमतेम 70 डेसिबल उरतात. मागून उघडा हेडफोन बाहेरचा आवाज अडवत नाही, ही त्यात भर. कागदी बायाँचे कारण कानातच आहे. आवाज लहान असला की माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच मोजून दाखवले होते. ‘अॅम्प नसला की बास येत नाही’ असे दुकानात म्हणतात, त्यातला बराच भाग एवढ्यावर उलगडतो.

यातून दुसरी चूकही उघडी पडते. दोन हेडफोन एकाच पट्टीवर ठेवून ऐकले, तर मोठा वाजणारा चांगला वाटतो. एखाद्या डेसिबलचा फरकसुद्धा ‘अधिक मोठा’ असा न जाणवता ‘अधिक स्वच्छ’ असा जाणवतो. त्यामुळे तुलना करताना एकाच गायकाचा मधल्या सप्तकातला तुकडा निवडून, आधी दोन्हींवर आवाज कानाने सारखा करून घ्यावा. दुकानात स्वतःचा फोन, स्वतःचे डोंगल आणि ऐकण्यातले सर्वांत हळू ध्वनिमुद्रण घेऊन जावे. दुकानातल्या मोठ्या यंत्रावर ऐकून केलेली निवड घरी टिकेलच असे नाही.

कमी ओहम म्हणजे फोनसाठी सोपा, हा समज मात्र अर्धाच खरा आहे. हायफायमॅनचा एचई 400 एसई हा हेडफोन 25 ओहमचा आहे, पण मिलिवॅटला फक्त 91 डेसिबल देतो. व्होल्टच्या हिशेबात तो 107 वर येतो आणि ठीक वाटतो. पण एका व्होल्टला तो 40 मिलिअँपिअर प्रवाह ओढतो, तर 300 ओहमचा हेडफोन तीन-साडेतीन. छोट्या चिपची ताकद इथे व्होल्टऐवजी प्रवाहात संपते आणि मोठ्या ठोक्यांवर आवाज फाटतो. अशा हेडफोनची किंमत आवाक्यात असली तरी वेगळ्या अॅम्पचा खर्च त्यात आधीच धरलेला बरा.

म्हणून केवळ फोनवर ऐकणाऱ्याने व्होल्टच्या हिशेबात 110 डेसिबलच्या आसपास जाणारा, 30 ते 80 ओहमचा हेडफोन पाहावा. एम 20 एक्ससारखा स्वस्त हेडफोन या चौकटीत बसतो, तसा त्याच घराण्यातला महाग एम 50 एक्सही बसतो. 38 ओहम आणि मिलिवॅटला 99 डेसिबल म्हणजे एका व्होल्टला 113. कॉसचा 1984 पासून निघणारा, हलका पोर्टा प्रो 60 ओहमचा आहे आणि फोनवर सहज वाजतो. या चौकटीत जास्त पैसे टाकल्यावर मिळणारे काही फायदे आवाजाचे नसतातच. एम 20 एक्सची वायर कायमची जोडलेली असते, एम 40 एक्स आणि एम 50 एक्सची काढून बदलता येते. आणि रोज खिशात गुंडाळल्या जाणाऱ्या हेडफोनचा जीव बहुधा वायरीतच जातो. इअरपॅड सुटे मिळतात का, हेही विचारावे. फाटलेल्या पॅडमधून हवा निसटली की बंद हेडफोनचा खर्ज पातळ होतो.

काय ऐकायचे, यालाही महत्त्व आहे. 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवरून उतरवलेली जुनी नाट्यपदे हा मुख्य खुराक असेल, तर महागडा हेडफोन गळ्यापेक्षा खरखरच अधिक ठळक करतो.

उंच इम्पिडन्सचा हेडफोन आधीच घरात असेल तर तो विकण्यापूर्वी डोंगल बदलून पाहावे. अॅपलचे हेडफोन जॅकचे लहान डोंगल साधारण एक व्होल्ट देते, मात्र त्याची युरोपातली आवृत्ती त्याच्या निम्मेच. काही अँड्रॉइड फोनांवर ते कमी पातळीवर अडकून बसते, त्यामुळे आधी लॅपटॉपवर लावून खात्री करावी. तिथेही हळू ध्वनिमुद्रण पुरेसे वाजले नाही, तरच वेगळ्या अॅम्पकडे वळावे. आणि अॅम्प आल्यावर पट्टी खालून वर न्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढांना 80 डेसिबलवर आठवड्याला 40 तासच ऐकणे सुरक्षित आहे, लहान मुलांसाठी ती पातळी 75 आहे.