पस्तिसावा हिस्सा: प्लास्टिकच्या रणगाड्यातून गुणोत्तर



नववीत आपण 'गुणोत्तर व प्रमाण' शिकवतो, दहावीत 'समरूपता'. मुलं गणितं सोडवतात, मार्कही मिळवतात. पण 'एखाद्या वस्तूची लांबी, रुंदी, उंची सगळं निम्मं केलं तर वजन किती होईल?' असं विचारून बघा. वर्गातून ठरलेलं उत्तर येतं, 'निम्मं!' हा गैरसमज फळ्यावर समजावून जात नाही, मुलांच्या हातातून जावा लागतो. त्यासाठी प्लास्टिकच्या रणगाड्याचं मॉडेल हे फार चांगलं साधन आहे.

अंबरनाथमध्येच का?

आपल्याकडे मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे, 1953 सालची. 2021 मध्ये आयुध निर्माणींची पुनर्रचना झाली, तेव्हा ती आर्मर्ड व्हेइकल्स निगममध्ये गेली. रणगाडे बनवणारा तमिळनाडूतल्या आवडीचा कारखानाही याच कंपनीत आहे. म्हणजे रणगाडा हा विषय आपल्या मुलांना तसा परका नाही.

दुसरं कारण एमआयडीसीतलं. मॉडेलचा किट उघडला की सुटे भाग प्लास्टिकच्या चौकटीत अडकलेले दिसतात. ही चौकट म्हणजे रनर. भाग जिथे रनरला जोडलेला असतो तो गेट. साच्याच्या सांध्यातून बाहेर आलेला पातळ पापुद्रा म्हणजे फ्लॅश, आणि मागच्या बाजूचे गोल ठसे इजेक्टर पिनचे. हे शब्द पुस्तकात शोधू नका, मोल्डिंगच्या शेडमध्ये ते रोज बोलले जातात. 'बाबा काय करतात?' या प्रश्नाला एखादं मूल खाली मान घालून 'मशीनवर असतात' म्हणतं ना, त्याच्या बाबांना एक तास वर्गात बोलवा. फ्लॅश का येतो हे ते आपल्यापेक्षा नक्कीच चांगलं सांगतील. त्या दिवशी त्या मुलाची मान वर असेल.

कोणता रणगाडा?

मी सेंच्युरियन सुचवेन. 16 डिसेंबर 1971 रोजी बसंतरच्या लढाईत 17 पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच रणगाड्यातून लढले आणि त्यातच शहीद झाले. त्यांचा जन्म पुण्याचा, वय अवघं 21. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. 'फामागुस्ता' नावाचा त्यांचा रणगाडा अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवला आहे. त्याच शहरात कॅव्हलरी टँक म्युझियमही आहे. सहल तिकडे नेता आली तर उत्तमच.

मोजमाप

मॉडेल 1:35 या मापाचं घ्या. सेंच्युरियनची रुंदी सुमारे 3.39 मीटर, म्हणजे मॉडेलची 9.7 सेंमी. 175 सेंमी उंचीचा सैनिक होतो 5 सेंमीचा. हे भागाकार मुलांनाच करू द्या आणि लगेच पट्टी लावून पडताळू द्या.

आता खरा प्रश्न. रणगाड्याचं वजन साधारण 51 टन. मॉडेल पोलादाचं आणि आतून-बाहेरून हुबेहूब केलं तर वजन किती? 35 ने भागणारी मुलं दीड टनाच्या आसपास पोचतील. मग त्यांना विचारा, 'दीड टनाची वस्तू तळहातावर मावेल का रे?' इथे वर्ग हसतो आणि विचारालाही लागतो. लांबी 35 पट कमी, पृष्ठफळ 1,225 पट कमी आणि घनफळ 42,875 पट कमी. 51,000 किलोला 42,875 ने भागा, उत्तर जेमतेम 1.2 किलो. किटचं प्लास्टिक पोलादापेक्षा कितीतरी हलकं, म्हणून हातातलं मॉडेल त्याहूनही हलकं लागतं.

जोडणी आणि बारकावे

1. भाग कटरने गेटपासून थोडं अंतर ठेवून तोडा. उरलेला तुकडा आणि फ्लॅश बारीक पॉलिश पेपरने घासा. ब्लेडचं काम मोठ्यांनीच करावं.
2. मॉडेलचा सिमेंट नुसता चिकटवत नाही, प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवून दोन भाग एकजीव करतो. म्हणून थेंबभरच लावा, खिडक्या उघड्या ठेवा.
3. जोडात 1 मिमी फट राहिली तर सांगा, 'खऱ्या रणगाड्यात ही साडेतीन सेंमीची फट आहे.' मुलं आपणहून पुन्हा घासायला बसतात.
4. ओढायची तारेची दोरी जास्तीची करायची असेल तर आधी गणित. खरी दोरी 2.8 सेंमी जाड धरली तर आपल्याला 0.8 मिमीची तार हवी.
5. रंग वाळल्यावर गडद रंग खूप पातळ करून खाचांमध्ये सोडा. काठ आणि बोल्ट उठून दिसतात.
6. चिखल लावताना भूगोल आठवा. आपल्याकडची माती बेसाल्ट खडकाची, बसंतर मात्र पंजाबच्या गाळाच्या मैदानातली नदी. तिथली माती फिकट हवी.

प्रत्येक बारकाव्याला एकच कसोटी लावा: हे इथे का आहे? उत्तर देता आलं तरच तो भाग बसवायचा.

किट महाग पडतात, म्हणून एका गटाला एक पुरे. तेही जमत नसेल तर खोक्याच्या पुठ्ठ्याचा रणगाडा करा, गणित तेच राहतं. फक्त शेवटी 5 सेंमीच्या चार आकृत्या कापून शेजारी उभ्या करायला विसरू नका: कमांडर, गनर, लोडर आणि चालक. एवढ्याशा जागेत चार माणसं बसून लढत होती, हे मुलांना मापानेच कळू द्या.